कुलपाचा आकडा

डाव्या दंडावर बाहेरच्या बाजूला चार खुणा होत्या आणि आतल्या बाजूला एक. चार खुणा जवळजवळ एका रेषेत, वरची सगळ्यांत गडद, खालची पुसट. कडेला पिवळट आणि मध्ये सांडलेल्या शाईसारख्या. आतली एकटी खूण आकारानं मोठी होती आणि किंचित तिरकी. ताईनं वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला हात उंच केला, सैल बाही खांद्यापर्यंत घसरली, आणि डबा ओट्यावर येईपर्यंत धाकटीचं मोजून झालं होतं. मोजायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. सवय होती ती. आधी किती आहे ते लिहा, काय आहे ते नंतर बघू, असं प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पण या वेळी किती आणि काय यांच्यात अंतरच उरलं नाही. चार आणि एक एवढं म्हटल्यावर पुढचं आपोआप कळलं.

"दार लागलं," ताई बाही ओढत म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं. "बाथरूमचं. ती कडी नाही का बाहेर आलेली, तिची. परवा दिवे गेले होते ना, तेव्हा. अंधारात चाचपडत जातो आपण, तसं." ताई लहानपणापासून खोटं बोलताना तपशील वाढवायची. खरं सांगायचं असलं की तिचं एका शब्दात भागायचं. एकदा घरातला काचेचा जग फुटला, तेव्हा आईसमोर तिनं एक मांजर उभं केलं होतं. मांजराचा रंग सांगितला, ते कुठल्या खिडकीतून आलं आणि कुठल्या खिडकीतून गेलं तेही सांगितलं. जग धाकटीनं फोडला होता. म्हणजे ताईचं खोटं नेहमी कुणाला तरी पाठीशी घालण्यासाठी असायचं, स्वतःसाठी कधीच नाही, हे आता या स्वयंपाकघरात उभं राहून आठवताना तिला बरं वाटेना.

"अहो शास्त्रज्ञबाई, चहा राहू द्या तिकडे, आधी इकडे या!" बाहेरच्या खोलीतून भाऊजींची हाक आली. "कुलपाला आणलंय बघा कोर्टात!"

कुलूप म्हणजे गोलकीपर. त्याचं खरं नाव बातम्यांत यायचं, पण मैदानावर ते कुणी घेतलं नव्हतं. चेंडू त्याच्या पंजात गेला की सुटत नसे, म्हणून कुलूप. भरलेल्या मैदानात हजारो माणसं एका तालात ओरडायची, कु-लूप, कु-लूप, आणि तो दोन्ही हात वर करून बोटं मिटून दाखवायचा. त्याच हातांनी त्यानं बायकोचा गळा दाबून तिला मारलं असा आरोप होता. टीव्हीवर तो पोलिसांच्या गाडीतून उतरत होता. कोट घातलेला, दाढी केलेली, हात पुढे एकत्र धरलेले. आणि कॅमेरा चेहऱ्यावर थांबत नव्हता, पुन्हा पुन्हा हातांवर उतरत होता. "किती खराब झालाय बिचारा," भाऊजी म्हणाले. "फसवलंय त्याला कुणीतरी. मी सांगतो ना." चहा घेऊन ताई आली. बशी ठेवताना तिचा हात भाऊजींच्या हाताजवळून गेला, आणि धाकटीला वाटलं की ताईनं तो हात जरा लांबून, वळसा घालून नेला. मग वाटलं, की आता आपल्याला सगळंच तसं वाटणार.

भाऊजींचं चष्म्याचं दुकान होतं. लहानखुरा माणूस, आवाज हळू, विनोद सतत. त्यांच्या बोटांत मोठं कसब होतं. डोळ्यांना नीट दिसणारही नाही एवढा स्क्रू ते टोकदार चिमट्यानं उचलून काडीत बसवायचे. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी नीट बसते का हे पाहताना त्यांचा स्पर्श कळायचासुद्धा नाही. धाकटीचा चष्मा त्यांनीच केला होता. आणि त्यांची एक लकब होती, जिचं सगळ्यांना कौतुक वाटायचं: समोरच्याच्या चष्म्यावर डाग दिसला की न विचारता, बोलता बोलता, ते तो चेहऱ्यावरून अलगद काढून घ्यायचे, खिशातल्या फडक्यानं पुसायचे आणि परत चढवायचे. तेवढा वेळ समोर सगळं धूसर व्हायचं. आजही त्यांनी तेच केलं. "काय हे, जगाकडे असं मळलेलं बघता तुम्ही," म्हणत चष्मा काढला, आणि त्या धूसर खोलीत ताई हा एक रंगाचा ठिपका झाली, टीव्ही दुसरा. कानामागे त्यांची बोटं परत आली तेव्हा ती श्वास धरून बसली होती. "झालं. आता दिसेल सगळं," भाऊजी म्हणाले.

ती काम करायची ते विज्ञान केंद्र शहराच्या जुन्या भागात होतं, आणि त्यातल्या मानवी शरीराच्या दालनात, हृदयाच्या मोठ्या प्रतिकृतीच्या पलीकडे, कुलूप उभा होता. पुठ्ठ्याचा, पुरुषभर उंच. त्याच्या शेजारी लाकडी पेटी, पेटीतून बाहेर आलेली पोलादी मूठ, आणि वर दोन आकडे. लाल आकडा कायमचा: ५४.६ किलो. ती कुलपाची पकड. दालनाच्या उद्घाटनाला येऊन त्यानं स्वतः मूठ दाबली होती आणि तो आकडा तिथेच गोठवून ठेवला होता. खाली हिरवा आकडा, येणाऱ्याचा. मूठ दाबायची, आकडा चढायचा, दहा सेकंद थांबायचा आणि शून्यावर यायचा. लोक हसत हरायचे. ती नोकरीला लागली तेव्हा यंत्रं तपासायचं काम तिच्याकडे आलं, आणि पहिल्याच महिन्यात प्रमाणित वजनं टांगून पाहताना तिच्या लक्षात आलं की यंत्र पन्नास किलोला चाळीस दाखवतंय. तिनं ते सरांना, म्हणजे केंद्राच्या संचालकांना, जाऊन सांगितलं. सर हसले. "ती घट आहे," ते म्हणाले. "सोनार धरतात ना घट, तशी. पाहुण्याच्या आकड्यातून पाचवा हिस्सा कापायचा. लोक कुलपाला हरवायला येतात. हरवलं की परत येत नाहीत, आणि हरले की पोरंबाळं घेऊन पुन्हा येतात." तिनं विचारलं, की मग मोजमापाला अर्थ काय? सर म्हणाले, "अहो, ते मोजमाप नाही, ते आदरातिथ्य आहे." नंतर तिला कळलं की घट सगळीकडेच होती. प्रतिक्रिया मोजायचं घड्याळ किंचित उशिरा सुरू व्हायचं, म्हणजे प्रत्येकजण चपळ निघायचा. फुप्फुसांच्या यंत्रात सगळ्यांचा दम थोडा जास्त भरायचा. कार्यशाळेतल्या कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं. फक्त एक नियम होता, यंत्र साठवणीत जाताना घट काढून, शून्य करून, वजनं लावून खऱ्या मापाचं करून ठेवायचं. बंद पेटीत ते खरं बोलायला मोकळं असे.

अटकेनंतरच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी पुठ्ठ्याच्या डोळ्यांवर च्युइंगम चिकटवलं. दुसऱ्या कुणी पायाशी फुलं ठेवली. मग रांग लागायला लागली. तिकीट खिडकीवरच्या मावशी म्हणाल्या, "अगं, तुझ्या कुलपाला आत टाकल्यापासून आमच्या खिडकीला उसंत नाही. जिवंत होता तेव्हा एवढी गर्दी नव्हती." "जिवंतच आहे तो, मावशी." "हो का? पेपर वाचून तसं वाटत नाही बाई." दुपारच्या सुट्टीत कचेऱ्यांमधली माणसं यायची, गळ्यात ओळखपत्रं, एकटी नाही तर जोडीनं. ती पुठ्ठ्याकडे बघायची नाहीत. सरळ मुठीशी जायची. धाकटी दालनाच्या टोकाला, हृदयाच्या झडपा दुरुस्त करायच्या निमित्तानं उभी राहून बघायची, आणि तिला एक गोष्ट दिसली जी आधी दिसली नव्हती. आनंदाची दिशा बदलली होती. पूर्वी हिरवा आकडा थांबला की माणूस खट्टू व्हायचा, दंड चोळायचा, परत करून बघू म्हणायचा. आता आकडा कमी आला की चेहरा उजळायचा. "छत्तीस! बघितलंस ना? छत्तीस फक्त." एक जाडजूड माणूस मागे उभ्या बायकोकडे वळून म्हणाला, "आपल्या हातून नाही व्हायचं बुवा असलं काही." बायको हसली. रांग हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, निर्धास्त झोपा!" आणि रांग अजून मोठ्यानं हसली. माणसं मुठीवरून हात काढून तो पँटला पुसत होती आणि हलकी होऊन बाहेर उन्हात जात होती, वैद्यानं सगळं ठीक आहे म्हटल्यावर जातात तशी. यंत्रात साठलेले आकडे तिनं काढून पाहिले. अटकेआधीची सरासरी आणि नंतरची सरासरी यांत साडेचार किलोंचा फरक होता. एवढ्या माणसांची ताकद एकदम कमी होत नाही. लोक जपून दाबत होते.

घरी, म्हणजे तिच्या भाड्याच्या एका खोलीत, ती हे आकडे मनाशी लावत बसे आणि मध्येच ताईचा दंड दिसे. खोलीत एक गादी होती, एक टेबल, भिंतीला टेकवलेली सायकल. एकदा तिनं टेपनं जमीन मोजली. सायकल बाहेर जिन्याखाली ठेवली आणि टेबल खिडकीशी आडवं लावलं, तर दुसरी गादी बसत होती आणि वर नऊ सेंटिमीटर उरत होते. पुढच्या भेटीत तिनं ते ताईला सांगितलं, असंच, सहज विषय काढल्यासारखं. "कशाला?" ताई म्हणाली. "असंच. कुणी आलं तर." "तुझ्याकडे कोण येणार?" ताईनं विचारलं, आणि भांडं विसळता विसळता थांबली. नळ वाहत राहिला. मग ताईनं नळ बंद केला आणि म्हणाली, "नऊ सेंटिमीटर म्हणजे केवढं?" धाकटीनं अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. ताईनं त्या अंतराकडे बरंच पाहिलं, आणि मग भाऊजींना संध्याकाळी काय करायचं जेवायला, असं काहीतरी बोलायला लागली.

धाकटीला मैदान आठवायचं. ताईचं लग्न नवं होतं, आणि भाऊजींनी दोघींना सामन्याला नेलं होतं. ती तेव्हा कॉलेजात होती. बरोबरी झाली, निकाल पेनल्टीवर गेला, आणि सगळं मैदान उभं राहून गप्प झालं. कुलूप गोलात एकटा उभा होता, हात पसरून. भाऊजींनी ताईचं मनगट धरलं होतं. त्यांना ते माहीतही नसावं, त्यांची नजर खाली मैदानावर होती, ओठ हलत होते. पहिली किक, दुसरी, तिसरी. "अहो, हात," ताई हसत म्हणाली. मग न हसता म्हणाली, "अहो." शेवटचा चेंडू कुलपाच्या पंजात गेला, मैदान फुटलं, भाऊजींनी दोन्ही हात वर फेकले, आणि ताईनं मनगट धाकटीपुढे धरलं. पांढरी बोटं उमटली होती, आणि बघता बघता ती लाल झाली. "बघ," ताई डोळ्यांत पाणी आणून हसत म्हणाली, "मला पण कुलूप मिळालंय." पुढं कितीतरी महिने घरात तो विनोद चालला. पाहुणे आले की भाऊजी स्वतः सांगायचे. तिनं तो विनोद कितीदा ऐकला होता, आणि दर वेळी हसली होती, आणि तिला आता त्या पांढऱ्या खुणा मोजता येत नव्हत्या. किती होत्या? अंगठा कुठल्या बाजूला होता? आनंदाच्या प्रसंगी माणूस नोंद ठेवत नाही.

खटला पुढे सरकत होता. शेजारीण साक्षीला आली, मैदानावरचा प्रशिक्षक येऊन रडला. सरकारी वकिलानं भर कोर्टात सांगितलं की या हातांची ताकद सगळं शहर जाणतं, विज्ञान केंद्रात तिचा आकडा टांगलाय. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत ५४.६ मोठ्या अक्षरांत आला, आणि सरांनी खिडकीवर आणखी एक माणूस बसवला. मग ज्या डॉक्टरांनी मृतदेहाची तपासणी केली होती त्यांची साक्ष झाली. सरकारी वकिलानं विचारलं, यासाठी असामान्य ताकद लागली असेल ना? डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. ते म्हणाले, नाही, लागत नाही. असामान्य काहीच लागत नाही. हे वाक्य तिला आतल्या पानावर, औषधांच्या जाहिरातीशेजारी सापडलं. त्या रविवारी भाऊजी जेवणाआधी मोठ्यानं पेपर वाचून दाखवत होते, कोण कुठल्या रंगाचा कोट घालून आलं होतं इथपर्यंत सगळं, आणि त्या वाक्यापाशी आले तेव्हा त्यांनी ते गाळलं. आवाजात खंड पडला नाही. वरची ओळ संपली आणि तिच्याखालची नाही, तर त्याच्याही खालची सुरू झाली. तिनं समोर बघितलं. ताई ताटं मांडत होती, आणि पेपर तिनंही वाचला असावा, कारण तिच्या हातातलं ताट तेवढ्यापुरतं टेबलाच्या वर, टेकायच्या आधी, थांबलं.

"पण मी म्हणतो, असं कुणी उगाच करतं का?" भाऊजी पेपर घडी करत म्हणाले. "एवढा मोठा खेळाडू. नाव, मान, सगळं. बाईनंच काहीतरी डोकं फिरवलं असणार. दोन बाजू असतात प्रत्येक गोष्टीला." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "काय हो शास्त्रज्ञबाई? तुमचं विज्ञान काय म्हणतं?" "विज्ञान म्हणतं, एक बाजू बोलायला उरली नाही," ती म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा ते जोरात बाहेर पडलं. भाऊजी हसले. ते नेहमीसारखेच हसले, खांदे हलवत, आणि हसता हसता पुढे वाकून त्यांनी तिचा चष्मा काढायला हात पुढे केला. ती मागे सरली. खुर्चीचा पाय फरशीवर कर्कश वाजला. हात हवेत राहिला. "अगं, डाग आहे," भाऊजी म्हणाले. "असू दे," ती म्हणाली. त्या रात्रीचं जेवण झालं, भांडी झाली, आणि ती निघताना दारापर्यंत आलेल्या ताईनं तिच्या पिशवीचा बंद नीट केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू त्यांना असं उलट बोलू नकोस. तू निघून जातेस." एवढंच. मांजर नाही, खिडकी नाही. खाली रस्त्यावर आल्यावर तिला ते वाक्य पूर्ण ऐकू आलं.

निकाल लागला. दोषी. पंधरा मिनिटांत शहरभर मोटारींचे भोंगे वाजले, सामना जिंकल्यावर वाजायचे तसेच, आणि तिला क्षणभर खरंच कळलं नाही की हे कशाचं आहे. मैदानाच्या भिंतीवरचं त्याचं मोठं चित्र लोकांनी दुपारीच डांबर फासून बुजवलं. हातांपर्यंत डांबर पुरलं नाही, म्हणून काळ्या भिंतीतून दोन पंजे तेवढे बाहेर राहिले. भाऊजींच्या दुकानात, चष्म्यांच्या काचेच्या कपाटाच्या वर भिंतीवर, कुलपाची सही असलेला हातमोजा चौकटीत लावलेला असे. ती गेली तेव्हा तिथे भिंतीचा एक उजळ चौकोन होता. "जनावर," भाऊजी कुणा गिऱ्हाइकाला सांगत होते. "मला तर पहिल्यापासून वाटायचं. डोळेच तसे होते त्याचे. आपण डोळ्यांचा धंदा करतो, आपल्याला कळतं." बोटं त्या गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवत होती, अलगद. "आता नीट दिसतंय ना, साहेब?" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "काय, तुमच्या कुलपाला कधी हलवताय? मी येणार शेवटचं हरायला. उद्घाटनाला त्रेचाळीस आला होता माझा, आठवतंय? ताईलाही आणतो. बऱ्याच दिवसांत कुठं गेलेली नाही ती."

कुलूप हलवायचा आदेश शुक्रवारी आला. सर म्हणाले, "लगेच काढायचं, असं वरून आलंय. लगेच म्हणजे सोमवारी. रविवार जाऊ दे." म्हणजे सोमवारी यंत्र साठवणीत जाणार, आणि त्याआधी घट काढायची. ती शनिवारी संध्याकाळी दालन बंद झाल्यावर थांबली. त्रेचाळीस भागिले शून्य पूर्णांक आठ. हे तिनं कितीदा केलं होतं, चालताना, दात घासताना, आणि दर वेळी तोच आकडा यायचा, पावणेचोपन्न, आणि दर वेळी ती स्वतःला सांगायची की ताकदीवरून काही सिद्ध होत नाही, डॉक्टरांचं म्हणणं तेच होतं. मग मला काय दाखवायचंय? ताईला काय दाखवायचंय? ताईला आकड्याची गरज नव्हती. गरज कदाचित रांगेला होती. पेटीची मागची फळी काढून तिनं संगणक जोडला, ती एक ओळ शोधली आणि ०.८ च्या जागी १ लिहिलं. मग प्रमाणित वजनं टांगली. दहाला दहा. तीसला तीस. पन्नासला पन्नास. पुठ्ठ्याचा कुलूप वरून बघत होता. च्युइंगम काढलं होतं तिथे डोळ्यांवरचा रंग गेला होता.

रविवारी रांग दारापर्यंत होती. पहिल्या माणसानं मूठ दाबली, सेहेचाळीस. त्यानं भुवया उंचावल्या. पुढचा एक्केचाळीस, त्यापुढचा पन्नास. पाचवा की सहावा होता तो, मान बारीक, चष्मेवाला, शिक्षक असावा. मित्रांकडे बघत गंमत म्हणून त्यानं दाबलं आणि हिरवा आकडा लालच्या पुढे गेला. पंचावन्न पूर्णांक दोन. मित्र ओरडले, टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या मध्येच विरल्या. तो माणूस आकड्याकडे बघत राहिला. "बिघडलंय," तो म्हणाला. "अहो, यंत्र बिघडलंय हे." हात त्यानं पँटला पुसला नाही, अंगापासून जरा लांब धरून चालत गेला. मागची रांग गप्प झाली. दोन-तीन जण तिकीट काढूनही बाजूला झाले. बायका नवऱ्यांकडे बघत नव्हत्या, आकड्याकडे बघत होत्या. दर सात-आठ जणांत एक जण वर जात होता, आणि त्यांच्यात दिसायला असामान्य कुणीच नव्हतं. सर घाईनं आले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "घट काढलीस?" "साठवणीआधी काढायची असते, सर." "अगं उद्या! सोमवारी!" "आज रात्री वेळ झाला नसता," ती म्हणाली. सरांनी रांगेकडे पाहिलं. एवढी शांत रांग त्यांनी केंद्रात कधी पाहिली नसावी. ते हृदयाच्या मागे जाऊन उभे राहिले.

भाऊजी आणि ताई चारच्या सुमाराला आले. ताईनं एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचं घातलं होतं. "वा, आमची शास्त्रज्ञबाई!" भाऊजी रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ही मेहुणी बरं का आमची. यंत्र हिच्याच ताब्यात. ओळखीनं दोन किलो कमी करशील का गं?" पुढचे एक-दोघे हसले. गप्प बसून कंटाळलेले लोक होते, त्यांना कुणीतरी हसवायला हवंच होतं. ताई धाकटीजवळ येऊन उभी राहिली. "हे खरं सांगतं?" तिनं विचारलं. "कालपासून," धाकटी म्हणाली. ताईनं मान हलवली. भाऊजींची पाळी आली. त्यांनी बाह्या सारल्या, बोटं हवेत नाचवली, मूठ पकडली आणि तोंड वाकडं करून, दात दाखवून दाबलं. एक्केचाळीस पूर्णांक आठ. "हरलो!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "हरलो बुवा! आपण साधी माणसं." रांगेनं सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी टाळी वाजवली. धाकटीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं होतं; बोटांची पेरं पांढरी झाली नव्हती.

"इतकं कमी नाही येत यांचं," ताई म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण दालन शांत होतं, आणि आवाजाला छपराखाली जागा होती. भाऊजी हसतच वळले. "काय म्हणालीस?"

"याहून जास्त येतं. परत दाबा."

"वहिनींना माहीत हो!" मागून एक पोरगेला आवाज आला. "वहिनी सांगतायत म्हणजे येत असणार!" हशा पिकला, आणि तो पहिल्या ओळींपर्यंत येता येता तुटला, कारण पहिल्या ओळीतल्यांना ताईचा चेहरा दिसत होता. ताईनं खांद्यावरची पर्स काढून धाकटीच्या हातात दिली. ती जड होती, रोजच्यापेक्षा बरीच जड. वरून कपड्यांसारखं मऊ लागलं आणि तळाशी पावडरच्या डब्याचा कडक काठ. "दोन गाद्या बसतात म्हणालीस ना," ताई समोर बघतच म्हणाली. "बसतात," धाकटी म्हणाली.

भाऊजींच्या ओठांवर हसू अजून होतं, कुणी तिथे विसरून गेल्यासारखं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते मुठीशी परत गेले. या वेळी त्यांनी बोटं नाचवली नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. ते यंत्राकडे बघत नव्हते. ताईकडे बघत होते, आणि ताई त्यांच्याकडे. मूठ मिटली. मनगटाची शीर वर आली, पेरं पांढरी झाली, लाकडी पेटीत कुठेतरी बारीक करकर वाजली. हिरवा आकडा तीस, चाळीस, पन्नास ओलांडून चढत गेला, जरा हलला, आणि थांबला.

लाल: ५४.६.

हिरवा: ५७.३.